अक्कांची मिसरीची डबी

दौंडच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन आला, "अक्का गेली." मी गावी, निमोण्याला, ओसरीवर शेंगा फोडत होते. रडू आलं नाही, राग आला. दीड महिना होऊन गेला, अजून तोच राग आहे...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नवरा ट्रकवर होता. तो टीबीनं गेला असं सगळ्यांनी सांगितलं, आणि अक्का माहेरी आल्या. जिभेच्या तिखट. सकाळी दारात बसून मिसरी लावायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायच्या. सरपंचालासुद्धा सोडायच्या नाहीत.

मग त्यांच्या तोंडात पांढरं यायला लागलं. जिभेवर, गालाच्या आत, दह्याच्या कवड्यांसारखं. फडक्यानं पुसलं की खाली लालभडक, असं अक्काच सांगायच्या. साऱ्या आळीनं निकाल लावला, मिसरीनं तोंड सोललं! मीही त्यातलीच. एकदा चिडून त्यांची डबी उकिरड्यावर भिरकावली. जाईचा पाला चघळायला दिला, तूप लावायला दिलं. उष्णता झालीय म्हणे! शिरूरचा डॉक्टर तर आमच्याहून शहाणा. "मिसरी लावता ना?" एवढंच विचारायचा आणि ताकदीच्या गोळ्या द्यायचा. वर्षभरात पाच खेपा झाल्या, एकदाही "आ करा" म्हणाला नाही. अहो, दुखणं तोंडाचं आणि तोंडच बघायचं नाही? अक्कल काय गहाण ठेवली होती?

घास गिळेना तेव्हा दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून आत पाहिलं. दोन मिनिटं लागली असतील. "मालक कशानं गेले?" असं विचारून रक्त तपासायला लावलं. एचआयव्ही निघाला. तोंडात बुरशी होती. अंगातली ताकद सरत आली की ती येते, बाई म्हणाल्या.

"किती दिवस झाले?"

"वरीस झालं," अक्का म्हणाल्या.

गोळ्या आणि तोंडात लावायचं औषध दिलं. आठ-दहा दिवसांत तोंड स्वच्छ! अक्कांनी ठेचा-भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "मंदे, एवढंच व्हतं व्हय? आन् आता माझी डबी दे." मी शिरूरच्या बाजारातून नवी आणली.

पण मूळ रोगाच्या गोळ्या पुण्याहून सुरू होईतो अंगात काही उरलंच नव्हतं. बुरशी परत परत आली. त्यात बातमी फुटली. शिरूरच्या डॉक्टरनं निरोप धाडला, पेशंट इकडं आणू नका. अक्का हसल्या. "वरीसभर त्वांड बघितलं न्हाई, आन् आता म्हनतो त्वांड दावू नका!"

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. सासूबाई कोनाड्याकडं हात करून म्हणाल्या, "टाक ती डबी. मिसरीनंच खाल्ली माझी पोर." बायांनी माना हलवल्या.

"मिसरीनं न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर रोगाचं नाव घेतलं. "वरीसभर त्यांच्या तोंडात कुणी बघितलं न्हाई. मी बी न्हाई."

डबी मी पुसून परत कोनाड्यात ठेवली. अजून निम्मी भरलेली आहे.