खालच्या वाटेचा पास

शहरातल्या निम्म्या लोकांना मोटार चालवायला मास्तरीणबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांची शिकवणीची गाडी समोरून येताना पाहून कधी ना कधी जीव मुठीत धरला होता. बाई शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायच्या, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि तोंड अखंड चालू. "आरसा बघ. तो भांग पाडायला नाही लावलेला." समोरचा रडकुंडीला आला की म्हणायच्या, "रड खुशाल, पण डोळे उघडे ठेवून रड." नवरा गेला तेव्हा नातेवाइकांना वाटलं, आता बाई घरी बसतील. त्या तेराव्या दिवसाची वाटही न पाहता शिकवणीला हजर झाल्या.

शेवटी गाडी सुटली ती डाव्या डोळ्यामुळे. एका सकाळी चौकात वळताना नजरेच्या कडेने काळी सावली वर चढत आली. डोळ्यामागचा पडदा सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया करून तो चिकटवला, आणि तो जागचा हलू नये म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला.

"बुडबुडा हळूहळू आपोआप विरेल," त्या म्हणाल्या. "तोवर गाडी चालवायची नाही, विमानात बसायचं नाही, डोंगरावरही जायचं नाही. उंचावर तो फुगतो आणि डोळा कायमचा जातो. आणि दिवसभरात जमेल तितकी मान खाली ठेवा."

बाकी सगळं बाईंनी ऐकून घेतलं. मान खाली ठेवणं मात्र त्यांच्या फार जिवावर आलं. चाळीस वर्षं आरशात बघत जगलेली बाई आता स्वतःच्या चपलांकडे बघत बसू लागली.

आणि नेमका त्याच दिवसांत धाकटीचा फोन आला.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. तरुणपणी परिचारिका म्हणून सरहद्दीपलीकडे गेली, तिथेच राहिली. आईच्या आजारपणात पैसे पाठवत राहिली, भावाच्या मुलांची शिक्षणं केली, आणि या सगळ्यात तिचं लग्न करायचं राहून गेलं. आता वय छप्पन्न. फोनवर ती आधी हवापाण्याचं बोलली, मग बहिणीच्या डोळ्याचं, आणि मग एका दमात म्हणाली, "ताई, मी लग्न करतेय. तो बोटी दुरुस्त करतो. घटस्फोट झालेला आहे, मुलगी मोठी आहे त्याची. शनिवारी दुपारी नोंदणी कार्यालयात सह्या. तू येऊ शकणार नाहीस हे माहीत आहे मला. फक्त सांगायचं होतं."

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, या वयात शोभतं का? आपल्याकडून कुणी येणार नाही म्हणाला."

"आपल्याकडून म्हणजे कुणाकडून? माझ्याकडचं त्याने परस्पर ठरवलं?"

दादा पुढच्याच गल्लीत राहत असे. संध्याकाळी तो आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "तुला तर जाताच येणार नाही, त्यामुळे तुझा प्रश्नच नाही. विमान बंद. गाडी चालवता येत नाही. आगगाडी जाते ती डोंगरावरच्या घाटातून. देवानेच वाट बंद केली समज."

"देवाने केली असेल तर रेल्वेला विचारून बघते," बाई म्हणाल्या. मान खालीच होती, त्यामुळे त्यांचा चेहरा दादाला दिसला नाही. दिसला असता तर तो हसला नसता.

दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनवर परदेशी तिकिटांच्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या. आत एक तरुण कारकून होती. बाईंनी नकाशा मागून घेतला आणि उजव्या डोळ्याने तपासला. घाटाची लाइन सरळ होती. पण नदीच्या कडेकडेने दुसरी लाइन होती, सपाटीची. ती मधल्या तिसऱ्याच देशातून लांब वळसा घालून धाकटीच्या गावी पोचत होती.

"ही खालची वाट. हिचं तिकीट किती?"

कारकून मुलीने सांगितलेला आकडा ऐकून मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसानेच "अरे बाप रे" म्हटलं. तीन देश, तीन रेल्वे, आणि शनिवार तोंडावर आलेला. जितकी उशिरा खरेदी तितका चढा दर.

"मग याहून स्वस्त काही नाही?"

"पास आहे," ती म्हणाली, आणि एका श्वासात नियम ओतले. बाईंनी हात वर केला.

"गाडीत पायाखाली पेडल तीनच असतात, बाळ, तरी मी ती शिकवायला आठवडे घेते. तू एकेक सांग."

कारकून हसली आणि खरोखरच एकेक सांगू लागली. पास घेतला की महिनाभरातले कुठलेही चार दिवस प्रवासाचे म्हणून निवडायचे. त्या दिवशी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत वाटेल तितक्या गाड्या बदला. साठीच्या पुढे सवलत. जाऊन येऊन दोन्ही बाजूंचा हिशेब केला तर सुट्या तिकिटांच्या निम्म्याने भागत होतं.

"आणि खोच कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

खोचा बऱ्याच होत्या. स्वतःच्या देशात हा पास एकदा बाहेर पडताना आणि एकदा परत येताना, एवढाच चालतो. एरवी त्यावर देशातल्या देशात फिरता येत नाही. दिवसाची तारीख गाडीत चढण्याआधी शाईने भरायची, आणि एकदा भरली की खोडायची नाही; खाडाखोड दिसली तर पास बाद. पासावरचं नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. जलद गाड्यांत पास असला तरी बसायच्या जागेचे वेगळे पैसे. शिवाय अशा गाड्यांत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात.

"शुक्रवारच्या जलद गाडीत बघ."

कारकून मुलीने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "संपल्या. पुढची जागा रविवारी आहे."

रविवारी जाऊन काय करायचं, फोटो बघायचे? बाई खिडकीच्या दगडी कट्ट्यावर बोटं आपटत राहिल्या. "आणि हळू गाड्या? त्यांनाही जागा राखावी लागते?"

"नाही. त्यांत पास दाखवला की झालं. पण त्या प्रत्येक स्टेशनवर थांबतात. चार ठिकाणी बदलाव्या लागतील, वाटेत एक मुक्काम पडेल. तुमचा डोळा असा..."

"डोळा हळू गाडीत काही बिघडत नाही. काढ पास."

घरी येऊन त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. लाइन सपाटीची आहे याची डॉक्टरीणबाईंनी खात्री करून घेतली, मग नाखुशीने म्हणाल्या, "जा. पण मान..." "खाली. कळलं," म्हणून बाईंनी पिशवी भरली. उकडलेली अंडी, पाव, डोळ्याचे थेंब आणि ठेवणीतला निळा कोट.

शुक्रवारचा प्रवास नीट झाला. मान खाली घालून बसलेल्या म्हातारीला बघून लोक हळहळायचे. समोरच्या बाकावरच्या एका बाईने तर हलकेच विचारलं, "घरात कुणी गेलं का हो?" मास्तरीणबाई तशाच खाली बघत म्हणाल्या, "गेलं नाही, बोहल्यावर चढतंय." त्या बाईने घाईघाईने खिडकीबाहेर तोंड वळवलं.

दोन्ही सरहद्दी ओलांडून झाल्या. दुसऱ्या दिवशी, शेवटची गाडी बदलायच्या आधी फलाटावर धाकटीचा फोन आला. ती रडत होती.

"ताई, परत जा. दादाचा फोन आला होता. म्हणाला, डॉक्टरांचं न ऐकता ताई घराबाहेर पडली आहे. तिचा डोळा गेला तर तुझ्या हौसेपायी गेला असं समज. मी यांना सांगितलं, आज नको. पुढे कधीतरी बघू."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. राग दादाचा होता, पण त्याहून जास्त याचा, की त्याने त्यांच्याच डोळ्याची काठी करून धाकटीला हाणलं होतं.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. आवाज शिकवणीच्या गाडीतला. "मी डॉक्टरांना विचारून निघाले आहे. आणि नसतं विचारलं तरी डोळा माझा आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन. दादाने त्याचा ठेका घेतलेला नाही. तू सगळ्यांची उस्तवार करून छप्पन्नची झालीस, आता आणखी कुणाची परवानगी हवी आहे तुला? मी येतेय. मी पोचल्यावर तू घरात गाऊन घालून बसलेली दिसलीस, तर सगळ्या रस्त्यासमोर कान धरीन तुझा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "कोणती साडी नेसू गं?"

"जी आवडते ती. मला कशाला विचारतेस!"

या बोलण्यात त्यांची गाडी निघून गेली. समोरच्या फलाटावर त्याच गावाची पाटी लावलेली दुसरी गाडी उभी होती, हिरवी, चकचकीत. बाई चढल्या. गाडी सुटली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की हिच्यावर रेल्वेचं नेहमीचं चिन्ह नाही.

तिकीट तपासनीस आला. पास उलटसुलट करून मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाला, "ही खासगी कंपनीची गाडी. हा पास इथे चालत नाही. तिकीट आणि दंड." बाईंना आठवलं, कारकून मुलीने हेही सांगितलं होतं. खासगी लाइन पासात धरलेली नसते. घाईत त्या विसरल्या होत्या.

त्यांची झुकलेली मान आणि सुजलेला डोळा बघून तो विरघळला. "ठीक आहे, आजी. शरमू नका. पुढच्या स्टेशनावर उतरा, मी काही लिहीत नाही."

पुढच्या स्टेशनावर उतरलं की मागची हळू गाडी दुपारनंतर येणार. म्हणजे सह्यांची वेळ टळणार.

मास्तरीणबाईंनी मान वर केली. डॉक्टरीणबाईंना काय वाटेल ते वाटो. "मी शरमलेली नाही. माझी मान डॉक्टरांनी वाकवली आहे, तुम्ही नाही. चूक माझी, तिकीट द्या, दंड लावा, पावती द्या. आणि मी शेवटच्या स्टेशनापर्यंत जाणार आहे."

तपासनीस गोंधळला. माफी मागणारी माणसं त्याला रोज भेटत. दंड मागून घेणारी ही पहिलीच. त्याने पावती फाडली. परतीच्या वाटेवरच्या खाण्यापिण्यासाठी ठेवलेले बहुतेक पैसे त्यात गेले. बाईंनी पावती कोटाच्या खिशात कोंबली आणि पुन्हा मान खाली घातली, पण आता बसण्यात ताठा होता.

नोंदणी कार्यालयात त्या धापा टाकत शिरल्या तेव्हा धाकटीच्या सह्यांची वेळ उलटून गेली होती. अधिकाऱ्याने पुढचं जोडपं आत घेतलं होतं. बाहेर बाकावर धाकटी बसली होती, गडद जांभळ्या साडीत, शेजारी कोटाच्या बाह्या तोकड्या झालेला एक दांडगा माणूस. त्याच्या नखांत वंगणाची काळी रेघ होती; घासून घासूनही ती गेली नसावी.

"ते म्हणत होते, आत चला, नाहीतर सोमवारी या," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं, ताई आल्याशिवाय सही करणार नाही आणि सही केल्याशिवाय इथून उठणारही नाही. काय करायचं ते करा."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ही तीच, जी लहानपणी दुकानदाराने कमी मोड दिली तरी रडत घरी यायची.

अधिकारी कुरकुरत राहिला, पण बाकावरची बाई हलत नाही म्हटल्यावर शेवटी त्याने त्यांना आत घेतलं. साक्षीदार म्हणून मास्तरीणबाईंनी सही केली. रेघ नीट दिसत नव्हती, त्यामुळे सही तिरकी वर चढत गेली आणि नवरदेवाच्या नावावर जाऊन बसली. तो हसून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, आणि धाकटीने त्याचं मराठी केलं: "म्हणतात, तुमच्याच आशीर्वादाखाली आलो."

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. धाकटीने तो ताईपुढे धरला. बाईंनी फोन घेतला.

"झालं का तुमचं?" दादा म्हणाला.

"झालं. तू असतास तर जेवून गेला असतास."

"माझ्याशी यापुढे बोलू नकोस."

"बरं. बोलावंसं वाटलं की तूच कर फोन. मी उचलीन."

दादाने पुढे वर्षभर फोन केला नाही आणि बाईंनीही त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. डोळा बरा झाला, पण पूर्वीसारखा नाही. गाडी चालवायचा परवाना परत मिळाला नाही. शिकवणीची गाडी त्यांनी विकून टाकली. आता त्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात टेबलावर खडूने रस्ते आखून शिकाऊ लोकांना वळणं समजावतात, आणि तिथेही कुणी आरसा विसरला की ओरडतात.

एकदा बाजारात वहिनी भेटली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "धाकट्या वन्सं सुखात आहेत का हो? हे विचारत नाहीत, पण तुमच्या घराकडे बघत उभे राहतात."

"सुखात आहे. आणि त्याला सांगा, बघत उभं राहण्यापेक्षा दार वाजवावं. मी काही त्याला बोलवायला रस्त्यावर येणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला वळल्या.