सगळ्यात मोठं युकुलेले

मी आणि लातूर जिल्हा एकाच वर्षी जन्मलो. त्यामुळे अण्णा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणी "नवा जिल्हा" म्हणून चिडवायचे. पुढं मला शिक्षिकेची नोकरी नेमकी लातुरातच लागली, तेव्हा "जिल्हा आपल्या जिल्ह्याला चालला" म्हणत त्यांनी नांदेडच्या आमच्या सगळ्या वस्तीत पेढे वाटले.

अण्णा आमच्या भागातले नावाजलेले गायक. पेटी स्वतःच वाजवायचे आणि गायचे पांढरी चारमध्ये. पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरून गायचं, ती त्या गायकाची पट्टी. बाकीचे गायक काळी एक, पांढरी एक अशा बेताच्या, खालच्या पट्टीत गायचे आणि अण्णा त्यांची टर उडवायचे. स्वतःची पट्टी ते आडनावासारखी सांगायचे. त्यांच्या पेटीला हात लावायची मला बंदी होती. त्याचा मला राग होता, आणि खरं सांगायचं तर अजून आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हळूहळू चालायला लागले, बोलायलाही लागले, पण डावा हात पेटीचा भाता हलवीना. एप्रिलातल्या जयंतीला विहारासमोर दरवर्षी त्यांचं गाणं व्हायचं. या वर्षी राहू द्या, असं सगळे म्हणाले.

"ऱ्हाऊ दिलं की लोक म्हणतील, हा संपला," अण्णा म्हणाले. "एक गाणं म्हणणार. पण दुसऱ्याच्या पेटीवर न्हाई."

"मग मी वाजवते," मी म्हणून बसले.

माझ्याकडं काय होतं, तर युकुलेले. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडं ते चार तारांचं, खेळण्यातल्या गिटारसारखं वाद्य होतं. त्यांनीच मला शिकवलं आणि मी पोरांना त्यावर कविता म्हणून दाखवायचे. बाईंचं सगळ्यात लहान मापाचं, सोप्रानो. त्याच्या दांडीवरचे पडदे इतके चिकटून की माझी बोटं एकमेकांवर चढायची. अण्णांचं गाणं मी त्यावरच पांढरी चारमध्ये बसवलं, पण एवढ्या लोकांसमोर बोट घसरलं तर काय, या धास्तीनं मोबाइलवरून नवीन मागवायचं ठरवलं.

तिथं चार मापं दिसली: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन. मी तेव्हा टँकरच्या रांगेत उभी होते. त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी लहान भांडं विकत घेत नव्हतं. घागरीपेक्षा हंडा बरा, हंड्यापेक्षा पिंप बरं, एवढाच हिशेब डोक्यात. वस्तू तीच असेल तर मोठी घ्यावी म्हणून मी सगळ्यात मोठं, बॅरिटोन, मागवलं.

ते आलं जयंतीच्या तोंडावर. बोटं छान ऐसपैस बसली, पण सूर भलताच निघाला. मला वाटलं, वाद्यच खराब आलं. मधल्या सुट्टीत शाळेतच मी खुंट्या पिळायला लागले, तशा बाई धावत आल्या.

"अहो, थांबा. तार तुटून डोळ्यात जाईल."

मग त्यांनी समजावलं. पहिल्या तीन मापांच्या तारा एकाच सुरात लावतात. फरक फक्त आकाराचा, बोटांना मिळणाऱ्या जागेचा आणि आवाजाच्या भरदारपणाचा. बॅरिटोनचं घर वेगळं. त्याच्या तारा गिटारच्या खालच्या चार बारीक तारांसारख्या लागतात. बोटं तीच ठेवली, तरी गाणं खाली उतरतं. मी वाजवून बघितलं. पांढरी चारमध्ये बसवलेलं गाणं त्याच बोटांनी पांढरी एकमध्ये वाजत होतं.

"आता कसं?" मी विचारलं.

"आता माझं लहानच घेऊन जा," बाई म्हणाल्या. बदलून घ्यायला वेळ नव्हता. दोन्ही घेऊन मी नांदेडची एसटी धरली.

घरी अण्णा बाजेवर तयारच बसले होते. मी लहान युकुलेले छेडलं. धृपद त्यांनी कसंबसं काढलं आणि अंतऱ्याला वर जाताना आवाज फाटला. पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, थोडं खाली घेऊ या का?"

"पांढरी चार," ते म्हणाले. घाम पुसला आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

रात्रीच्या भाकरी थापताना मी आईला दोन्ही वाद्यांतला फरक सांगितला, तशी ती हळूच म्हणाली, "ते मोठं वाजव की. त्यास्नी काय कळतंय आता." आईचं मला पटलं, कारण मला भीती वाटत होती. ज्या माणसाला सगळी वस्ती मान वर करून ऐकायची, त्याच्याकडं कीव करून बघणारी तोंडं मला दिसत होती. सकाळी मी काही न बोलता मोठं घेतलं आणि पहिला झंकार दिला.

अण्णांनी मान वळवली. "पट्टी बदलली."

मी तसंच पुढं वाजवलं.

"मला फसवायलीस का तू? हात गेलाय माझा, कान न्हाई गेला."

त्यानंतर जयंतीच्या संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टाला पेटले. फाटू दे आवाज, म्हटलं. लहानच वाजवायचं ठरवलं.

विहारासमोर निळ्या पताका लागल्या होत्या आणि अंगण गच्च भरलं होतं. अण्णांना खुर्चीवर बसवलं, मी शेजारी लहान युकुलेले घेऊन बसले. वाद्य बघून पोरं हसली. अण्णांनी खुणावलं, मी सुरू केलं. धृपद निघालं, पण त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि अंतरा पुढंच होता. माझी बोटं घामानं निसटत होती. अंतऱ्याच्या तोंडाशी अण्णा थांबले.

मी वाजवत राहिले. ते गाईनात. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

अण्णांनी हात वर केला, तशी मी थांबले. माइकमध्येच म्हणाले, "थांबा जरा. ही पट्टी आता मला झेपत न्हाई." मग माझ्याकडं न बघता, "ते मोठं कुठंय?"

ते घरी आहे, असं मी सांगणार होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. पदराखाली झाकून ते तिनं सोबत आणलं होतं.

बोटं तीच, सूर पांढरी एकचा. अण्णांचा आवाज आला तो जाडसर, थोडा खरबरीत, पण न फाटणारा. अंतरा गेला. दुसऱ्या धृपदाला कोपऱ्यातून कुणीतरी सूर धरला, मग बाया, मग सगळं अंगण. अण्णांच्या गाण्याला आजवर टाळ्या पडायच्या, वाहवा व्हायची, पण त्यांच्याबरोबर कुणी गायलं नव्हतं. त्या उंचीवर जाणार कोण? अण्णा आधी दचकले, मग त्यांनी आवाज थोडा कमी केला आणि लोकांना पुढं जाऊ दिलं. आई डोळे मिटून गात होती. तिला मी पहिल्यांदाच गाताना बघितलं. तिला सगळी कडवी पाठ होती.

घरी आल्यावर अण्णा तिला म्हणाले, "तुला येत होतं, तर कधी बोलली न्हाई?"

"तुमच्या पट्टीत कुणाला घुसाया जागा होती का?" आई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दुसऱ्या सकाळी मी लातूरला परत निघाले. आईनं पाण्याचे कॅन भरून ठेवले होते, पण दोन वाद्यं घेतली तर ते मावेनात. अण्णांनी माझ्या पिशवीतून मोठं युकुलेले उजव्या हातानं बाहेर काढलं आणि पेटीवर ठेवलं.

"पाणी ने. हे ऱ्हाऊ दे इथं."

"इथं कोण वाजवणार, अण्णा?"

"तू येशील की," ते म्हणाले. मग पेटीकडं बोट दाखवून, "आन आलीस की हीबी शीक."