खोडलेलं पंधरा

दहावीच्या प्रात्यक्षिकाला सुजाता खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर पाडून भिंगाचं नाभीय अंतर मोजत होती. वहीत तिनं पंधरा सेंटिमीटर लिहिलं. मग शेजारच्या वृषालीच्या वहीत दहा दिसलं, तसं आपलं पंधरा खोडून टाकलं.

“का गं खोडलंस?” मी विचारलं.

“बाई, तिचा पहिला नंबर असतो.”

दोघींना मी वेगवेगळी भिंगं दिली होती. ते न सांगता मी तिला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा पंधराच आले.

गुण मिळाले की विश्वास येतो, की विश्वास असला की गुण मिळतात? इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मला ते कळलेलं नाही.

सुजाता वृषालीकडे वळून म्हणाली, “तुझं भिंग दे जरा. तेही मोजून बघते.”