धाकटीचा पूर्वपक्ष

माझी धाकटी बहीण हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं. दिवसभर वाफेत उभं राहायचं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असत. बी. ए. तिने नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन केलं. पन्नाशी ओलांडल्यावर विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला नाव घातलं. पहाटेची पाळी संपवून दुपारच्या तासांना जायची.

माझी बायको तिला म्हणाली, "वन्सं, शिकायचंच होतं तर शिवणकाम शिकायचंत. चार लोकांच्या उपयोगी तरी पडलं असतं."

"वहिनी, तुम्ही शिवाल, लोक मळवतील, आणि धुवायला शेवटी माझ्याकडेच येईल. त्यापेक्षा हे बरं."

आम्ही रंगारी. बाप रंगारी, मी रंगारी, मधला भाऊ रंगारी. पुस्तकातलं मला कळत नाही, पण माणूस कामाला भिडलाय की नुसता हात फिरवतोय हे लांबून कळतं. धाकटी भिडली होती. एका पानावर तिची अख्खी दुपार जायची. मी एकदा म्हणालो, "एवढ्या वेळात मी एक खोली उरकली असती."

"भिंत जागेवर थांबते रे दादा. हे वाक्य वाचता वाचता निसटतं."

आता मधल्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

आमचा बाप कामावर बांबूच्या परांचीवरून पडून गेला. परांचीचा दोर मधल्याने बांधला होता आणि पिऊन बांधला होता. त्याने ते कधी नाकारलं नाही. आईने त्याला घराबाहेर काढलं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण त्याचं नाव तिच्या तोंडून पुन्हा आलं ते मरताना. धाकटीचा हात धरून तिने वदवून घेतलं, "त्याला या घराचा उंबरा ओलांडू देऊ नकोस." घर तिने धाकटीच्या नावावर केलं होतं. मी आणि बायको मागच्या दोन खोल्यांत. घर एक, चुली दोन. धाकटी "हो" म्हणाली, तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी धाकटीला मधला हॉस्पिटलात दिसला. छातीच्या डॉक्टरांच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेला. खरवडलेल्या भिंतींची धूळ, रंगाचा वास आणि विड्या, तिन्हींनी मिळून त्याची फुप्फुसं खाल्ली होती. एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन एकटा राहायचा. जिना चढताना मधे बसावं लागायचं. त्याने तिच्याकडे काहीही मागितलं नाही. "तू किती वाळलीस गं," एवढंच म्हणाला.

घरी येऊन तिने मला विचारलं, "त्याला आणू?"

"तू आईला हो म्हणाली होतीस."

"आई आता नाही, दादा."

"म्हणून?"

ती उठून आपल्या चुलीकडे गेली. पण शेवटच्या सत्रात प्रबंध लिहायचा होता. त्याला तिने विषय घेतला: मेलेल्या माणसाला दिलेलं वचन आपल्याला बांधतं का? उत्तर तिचं ठरलेलं होतं. नाही बांधत. वचन म्हणजे कुणाचं तरी देणं. घेणाराच उरला नाही, तर देणं कसलं? हे एकदा नीट सिद्ध झालं की मधल्याला आणायची ती मोकळी.

तिला शिकवणाऱ्या बाई तिच्यापेक्षा वयाने लहान, पण कामाला कडक. त्यांनी सांगितलं, "आधी पूर्वपक्ष लिहा. ज्याचं म्हणणं खोडायचं आहे, त्याचं म्हणणं असं मांडा की वाचून तो म्हणाला पाहिजे, मलाही इतकं चांगलं सांगता आलं नसतं. त्यानंतर खोडा. काडीपैलवान उभा करून त्याला चीत करण्यात मर्दुमकी नाही."

हा नियम मला पटला. भिंत न खरवडता वर रंग फासणारे मी खूप पाहिले. पहिल्या वर्षी झकास दिसतं, नंतर पापुद्रे सुटतात.

धाकटी म्हणाली, "दादा, माझा पूर्वपक्ष म्हणजे तूच. मी लिहून वाचून दाखवते. तुझं म्हणणं आहे का सांग."

पहिल्यांदा तिने लिहिलं की मेलेल्यांची वचनं मोडली, तर लोकांचा एकमेकांवरचा विश्वास उडेल.

"मी लोकांचं कधी बोललो? लोकांना कळलंच नाही तर मोडायचं का?"

तिने ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं की आईच्या आत्म्याला दुःख होईल.

"आई आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. ती बघतेय म्हणून पाळायचं, तर तो धाक झाला. वचन नाही."

"मग तुझं म्हणणं तरी काय आहे?"

"ते मला सांगता येत असतं, तर मी नसतो का गेलो एम. ए.ला?"

आतून बायको म्हणाली, "भावाबहिणीची भांडणं पाहिली होती. लिहून आणून भांडणारे हेच."

असं बरंच चाललं. एके दिवशी धाकटी धुलाईघरातून आली ती पिशवीही खाली न ठेवता वाचायला लागली. तिने लिहिलं होतं की जिवंत माणसाला शब्द दिला, तर त्याच्याकडे जाऊन म्हणता येतं, मला जमत नाही, मोकळं कर. तो चिडेल, पण सोडेल. मेलेल्या माणसाकडे जाता येत नाही. त्यामुळे ते वचन हलकं होत नाही, उलट जड होतं. त्याच्या वतीने आपणच आपल्याला माफ करून टाकणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं.

मी चष्मा काढला. "हे माझं आहे."

तिला आनंद व्हायला हवा होता. पिशवी ठेवून ती नळाखाली हात धूत उभी राहिली. मळलेले नव्हतेच.

कारण आता खोडायचं होतं, आणि खोडता येत नव्हतं. ती लिहायची आणि स्वतःच काट मारायची. आई आज असती तर तिने माफ केलं असतं, असं एकदा लिहिलं.  मी तोंड उघडायच्या आत तिनेच कागद चुरगाळला. एवढ्या वर्षांत आईने केलं नव्हतं, हे ती जाणून होती. तिकडे मधल्याला वॉर्डात ठेवलं होतं. थोड्या दिवसांनी सोडणार होते, आणि तो जिना आता त्याला चढता येणार नव्हता.

तिचे हाल बघून मी म्हणालो, "पूर्वपक्ष जरा ढिला कर ना. कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "दोर ढिला बांधू म्हणतोस?"

मी उठून मागे माझ्या खोलीत गेलो.

बाईंनी सांगितलं, "खंडन होत नसेल तर होत नाही असं लिहा. पण प्रत्येक प्रयत्न कुठे अडला, ते दाखवा." तिने तसं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. आम्हाला मागच्या बाकावर बसायची मुभा होती. परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुम्ही जे सिद्ध करायला निघालात, ते झालंच नाही."

"नाही झालं, सर. मला ते फार हवं होतं. पण ते खरं नाही."

बेताचे गुण मिळाले. पास झाली.

मला वाटलं, विषय संपला. एका सकाळी पाहतो तर धाकटी पुढच्या खोलीत खाट ओढत होती.

"हे काय?"

"मधल्याला आज सोडतायत."

"तूच लिहिलंस ना, वचन बांधतं म्हणून?"

"बांधतं."

"मग?"

"मग मोडतेय." तिने खाट खिडकीशी लावली. "बांधत नाही असं निघालं असतं, तर मी हात झटकून त्याला आणलं असतं. काही मोडलंच नाही अशी. आता तसं येत नाही. आईला शब्द दिला आणि तो मी मोडला, हे धरून आणायचं."

"हे चूक आहे."

"आहे. आणि त्याला जिना चढवत नाही, हेही आहे. तू येतोयस का? त्याला गाडीतून उतरवायला मला एकटीला जमायचं नाही."

मला पटलं नव्हतं. तरी गेलो. ओझं होतं आणि माणूस कमी होता.

दारापर्यंत मधला आला आणि चौकटीला धरून थांबला. आत बघेना. "आईने सांगितलं होतं..."

"मला सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "शब्द माझा होता, तुझा नव्हे. तू कशाला अडतोस? पाय उचल."

त्याला पाय उचलता येईना. मी काखेत हात घातला आणि त्याला आत घेतलं.

तो पुढच्या खोलीत आहे. धाकटी पाळीला गेली की बायको त्याला औषधं देते आणि विड्या शोधून फेकते. आईने त्याला घेऊ नको म्हटलं होतं आणि तिचा शब्द मोडला गेला, असं मी आजही म्हणतो. धाकटीही तेच म्हणते. अजूनही दुपारी त्यावर आमचं बोलणं होतं. मधल्याचा डोळा लागला असेल, तर आवाज हळू ठेवतो.