मामी उठली नाही!

...तर परवा कमेंटमध्ये ज्यांनी विचारलं ना, की घरात पेशंट असताना स्वतःसाठी वेळ काढणं सेल्फिश नाही का, त्यांच्यासाठी आजचीच गोष्ट.

ब्राह्मणपुरीला मामाकडे आलेय. पॅरालिसिस झाल्यापासून आजीचं सगळं मामीच बघते. मागच्या महिन्यात ती स्वतःच चक्कर येऊन पडली. मग गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, या उन्हाळ्यात सगळ्यांच्या बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, मामीच्या घरासमोरच्याच ओट्यावर करायच्या. म्हणजे तिलाही येता येईल.

आज सकाळी मामी ओट्यावर गेली आणि आजीजवळ मी बसले. आजी दूधच घेईना. "मन्ही सून कोठे गयी? तिले बोलाव!"

मी घाबरून दारातून हाक मारली. मामी अर्धी उठलीसुद्धा. बायका ओरडल्या, "बठी ऱ्हाय वं! भाची शे ना तठे!"

मामीने घराकडे पाहिलं आणि चक्क परत बसली! "तिले सांग, हाई पातेलं सरनं की मी येस. तवपर्यंत तूच पाज."

आजी रुसली, पण शेवटी माझ्या हातून दूध प्यायली.

मामी आली ती हसतच. कोपरापर्यंत पीठ आणि हातात बिबड्यांच्या गरम घाट्याची, म्हणजे शिजवलेल्या पिठाची वाटी. तिने आजीला चमच्याने भरवलं. आजी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"कितला दिवसनी हासनी तू," आजी म्हणाली. "रोज जात जाय."

मला तर मामी जाम भारी वाटली. तुम्ही तिच्या जागी असता, तर त्या हाकेला उठला असता की बसून राहिला असता?