कुंकू लावलेला पेन ड्राइव्ह

कर्वेनगरात एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी सहा वर्षं झाडलोट करते. दुकानात मालक आणि मी दोघंच. मालकांना मी सर म्हणते, ते मला मावशी म्हणतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी लिहिता-वाचता येतं. इंग्रजीची अक्षरं ओळखते, पण शब्द लागत नाहीत. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून जे बोलायला हवं होतं ते इथे वहीत लिहिते आहे.

कॉम्प्युटर अगदीच बिघडला की सर त्यात विंडोज नव्याने घालतात. त्यासाठी आधी एक पेन ड्राइव्ह तयार करावा लागतो, त्याला बूटेबल म्हणतात. नुसती फाइल कॉपी करून भागत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, एक छोटा प्रोग्राम उघडायचा, विंडोजची फाइल निवडायची आणि खालचं बटण दाबायचं. मग इंग्रजीत एक चौकट येते. तिथे ओके म्हटलं की हिरवी पट्टी सरकू लागते.

फरशी पुसता पुसता बघून मला हे पाठ झालं होतं. एकदा सरांच्या दोन्ही हातांना चिपवर लावायची पेस्ट लागली होती. ते म्हणाले, "मावशी, तेवढं ओके दाबा हो." मी दाबलं. त्या चौकटीत काय लिहिलंय तेही विचारलं.

"यावरचं जुनं सगळं पुसलं जाईल म्हणतंय. आपले रिकामेच असतात, काय पुसायचंय?"

पुढे पुढे ते काम माझ्याकडेच आलं. सर नुसतं "मावशी, एक बनवा" म्हणायचे. मी पदराला हात पुसून खुर्चीवर बसायची. घरी कोणाला सांगितलं नाही, पण त्या खुर्चीवर बसलं की मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं, हेही लिहायला हवं.

खंडेनवमीला आम्ही दुकानातल्या हत्यारांची पूजा करतो. गेल्या वर्षी मी टेबल आवरून स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी आणि सगळे पेन ड्राइव्ह ताटात मांडले. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. त्यानंतर दुकान उघडल्यावर कुंकू लागलेले सगळे पेन ड्राइव्ह मी आमच्या स्टीलच्या डब्यात भरले. ज्याला कुंकू तो आपला, एवढाच विचार केला.

त्यातला एक आमचा नव्हता. जवळच राहणाऱ्या एक ताई घरी भरतकामाचं कॉम्प्युटरवरचं मशीन चालवतात. ब्लाउजच्या बाह्यांवरचे मोर, कुयऱ्या, वेली त्या स्वतः कॉम्प्युटरवर काढतात. त्यांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. सरांनी त्यांची सगळी डिझाइन त्यांच्याच पेन ड्राइव्हवर उतरवून तो कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला होता. टेबल आवरताना मीच तो उचलून ताटात ठेवला होता.

सर म्हणाले, "मावशी, एक बनवा. ताईंचा कॉम्प्युटर आज द्यायचाय."

मी डब्यातला हाताला आला तो लावला. प्रोग्राममध्ये वरच्या ओळीत पेन ड्राइव्हचं नाव दिसतं. आमच्या सगळ्यांचं नाव आखूड असतं. हे लांब होतं. मला ते दिसलं. माझा हात थांबला. सर पाठमोरे बसले होते, हाक मारली असती तर दोन पावलांवर होते. पण विचारलं तर म्हणतील, एवढंही वाचता येत नाही तर राहू द्या. खुर्ची जाईल असं वाटलं. मी ओके दाबलं.

त्याच पेन ड्राइव्हने सरांनी ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज घातलं. आतलं जुनं सगळं काढून टाकलं, कारण डिझाइन तर पेन ड्राइव्हवर होती.

संध्याकाळी ताई आल्या. "माझा पेन ड्राइव्ह?" त्यांनी विचारलं. सरांनी टेबल पाहिलं, मग डबा उघडला. ताईंनीच बोट दाखवलं, "हा काय! हे हो काय, कुंकू लावलंत?" सरांनी तो लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी फडकं पिळायला लागले.

सरांनी तासभर खटपट केली. काही फायली परत आल्या, पण एकही उघडेना. शेवटी ते ताईंना म्हणाले, "पेन ड्राइव्ह खराब निघाला तुमचा. रस्त्यावर मिळतो तसला घेतला की असंच व्हायचं."

ताई खुर्चीत बसूनच राहिल्या. "चार वर्षांची कामं होती त्यात. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसलेय मी. भरतकामाच्या मशीनमध्ये शेवटची दोन-तीन डिझाइन असतील, तेवढीच." मग हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं. चांगला घ्यायला हवा होता."

मी त्यांना पाणी दिलं. त्या "थँक्यू मावशी" म्हणाल्या. तेव्हाही मी बोलले नाही.

त्या गेल्यावर सर म्हणाले, "कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी मीच पेन ड्राइव्ह बघायला हवा होता. पण तुम्ही कुठे बोलू नका. झाडलोट करणारी बाई इथे विंडोज बनवते हे कळलं, तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही."

दिवाळीनंतर मला राहवेना. एका दुपारी ताईंच्या घरी गेले. त्या कॉम्प्युटरवर मोराची मान काढत होत्या, जुन्या ब्लाउजचा फोटो शेजारी ठेवून. डोळे लाल झाले होते. दिवाळीची निम्मी कामं परत करावी लागली, असं त्याच म्हणाल्या. त्यांनी चहा दिला. मी कप हातात धरून एका दमात सांगितलं, "ताई, तो पेन ड्राइव्ह खराब नव्हता. मी त्यावर विंडोज बनवलं. त्यात तुमचं सगळं पुसलं गेलं."

त्या हसल्या. "मावशी, तुम्ही? तुम्हाला सरांनी पाठवलंय ना? स्वतःची चूक, आणि तुम्हाला पुढे करतात. लाज कशी वाटत नाही त्या माणसाला!"

"नाही हो, खरंच मी..."

"अहो, माझं कॉलेज झालंय, तरी मला जमत नाही ते. घ्या, चहा गार होतोय."

त्यांना पटवणं अवघड नव्हतं. समोर कॉम्प्युटर होता. कुठला प्रोग्राम उघडायचा, कुठे काय दाबायचं, चौकट कधी येते, हे सगळं मी त्यांना करून दाखवू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण माझ्यावर विश्वास बसत नाही म्हणून मला क्षणभर राग आला, आणि लगेच सुटल्यासारखं वाटलं. राग आल्याची लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं त्याची जास्त वाटते. मी चहा संपवला.

दारापर्यंत येऊन ताई म्हणाल्या, "तुमच्यावर माझा राग नाही हं. सरांना म्हणावं, कबूल करायचं तर स्वतः या."

मी हो म्हणाले. सरांना मी हा निरोप दिलेला नाही. ताई आता दुकानात येत नाहीत. रस्त्यात भेटल्या की मला हात करतात.