धोंड्याच्या महिन्यातली हजेरी

आमच्या पिशोरला तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. पुढं शिकायचं तर औरंगाबादला, आणि औरंगाबादला राहायचं तर सरकारी हायस्कुलाच्या बोर्डिंगमध्ये. बोर्डिंगातली खाट गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की औत. माझ्यापुढं तिसरी वाट नव्हती.

बोर्डिंग एका जुन्या सराईत होतं. व्यापाऱ्यांचे घोडे जिथं बांधत, त्या कमानींखाली आमच्या खाटा. शाळा आधी फारसीची होती, मग उर्दूची झाली. आमच्या वेळी गणितसुद्धा उर्दूतच. पाढे मी मनात मराठीत म्हणायचो आणि उत्तर उर्दूत द्यायचो. आवार एक, स्वयंपाकघरं हिंदू-मुसलमानांची दोन. विहीर एक, रहाट दोन. मुलं मात्र खेळताना, मार खाताना एकत्र असत.

निजामाचा सरकारी कारभार फसली सालानं चाले. उन्हाळ्याची सुट्टी अमरदाद महिन्याच्या पहिल्या तारखेला संपे. त्या सकाळी हजेरी होई आणि जो मुलगा नसेल त्याची खाट बाहेर वाट पाहणाऱ्याला मिळे. फसली महिने सूर्याप्रमाणे चालत, आमच्या घरचं पंचांग चंद्राप्रमाणे. वडिलांनी मला पहिल्यांदा नेऊन सोडलं त्या वर्षी अमरदाद आणि ज्येष्ठ जोडीनंच लागले होते. त्यावरून त्यांनी कायमचा हिशेब बांधला: ज्येष्ठ लागला की निघायचं. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठ लवकर आला. आम्ही पोचलो तर फाटकाला कुलूप. वडील म्हणाले, "लवकर आलेलं बरं," आणि फाटक उघडेपर्यंत आम्ही धर्मशाळेत राहिलो.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. त्यात शुभकार्याला हात घालायचा नसतो. मी एकदा म्हणालो, "दादा, अमरदाद लागला असंल." ते म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात कुठं शाळा असती व्हय रं? खरा ज्येष्ठ लागू दे."

पेरणीसाठी वडील मृग बघत. मृग आणि अमरदाद दरवर्षी जवळजवळ एकदमच लागतात. शाळेलाही त्यांनी मृगच धरला असता तर चूक झाली नसती. पण पेरणी नक्षत्रावर आणि विद्या तिथीवर, अशी त्यांची समजूत. पटवाऱ्याला विचारता आलं असतं, पण बांधाच्या भांडणापासून त्याच्याशी बोलणं बंद होतं.

आम्ही पोचलो तेव्हा माझ्या खाटेवर दुसऱ्याची वळकटी होती. बोर्डिंगच्या निगराणसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "पाटील, जगह तो गई. पहली को हाजिरी हो गई."

"साहेब, धोंड्याचा महिना व्हता."

"सरकारी साल में ऐसा कोई महीना नहीं है, पाटील."

साहेब रागावले नव्हते. रागावले असते तर वडील भांडले असते. ते फाटकाबाहेर येऊन माझ्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "चल, गाडी सुटायच्या आत निघू."

माझ्या वर्गातला अजिंठ्याचा मुसलमान मुलगा मागून धावत आला. "चाचा, शहागंजात माझी खाला राहती. एकटीच हाय. तिथं राहू द्या याला."

खाला, म्हणजे त्याची मावशी, विधवा होती, घरी हिमरूचं कापड विणायची. भाच्यानं तिला धोंड्याच्या महिन्याचं आधीच सांगितलं होतं. ती पडद्याआडून बोलली, वडील गल्लीत उभे.

"अन् खायाचं?" वडिलांनी विचारलं.

"चूल अलग, घागर अलग. मी हात बी लावनार नाय."

वडील पेटी उचलायला वाकले. तेव्हा पडद्याआडून आवाज चढला. "तुमचा महिना नापाक, आमचं घर बी नापाक. मंग लेकरानं जावं कुठं, पाटील?"

शेजारच्या मागावरचा माणूस हसला. वडिलांनी पागोटं सारखं केलं, पेटी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गावात बोर्डिंगच सांगायचं. तुझ्या आईलाबी." बहिणीचं लग्न ठरायचं होतं. कळलं असतं तर आम्हाला वाळीत टाकलं असतं.

मी त्या घरात मॅट्रिकपर्यंत राहिलो. भाकरी कच्ची राहिली की खाला लांबूनच ओरडायची, "अरे उलट तिला, मुर्दाड!" शब्द पाळून चुलीला तिनं कधी हात लावला नाही. आई दिवाळीला निगराणसाहेबांसाठी म्हणून करंज्या द्यायची. वडील त्या खालाच्या उंबऱ्यावर ठेवायचे.

आत मात्र ते कधी आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली उभे राहायचे. खाला भाच्याच्या, म्हणजे माझ्या त्या वर्गमित्राच्या, हाती पाण्याचा तांब्या पाठवायची. पाणी माझ्याच घागरीतलं असायचं, पण तांब्या तिचा. वडील तो घ्यायचे, भाचा वळला की पाणी लिंबाच्या मुळाशी ओतायचे आणि रिकामा तांब्या माझ्याकडं द्यायचे.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशीही तसंच झालं. मला वाटलं होतं, आज तरी पितील. उन्हातून चालत आले होते, ओठ सुकले होते. मुळाशी ओतलेलं पाणी जिरेपर्यंत ते बघत राहिले.

"बाईला सांग," ते म्हणाले, "पानी लई गार व्हतं."

मी आत जाऊन तसं सांगितलं. खाला मागावर होती. तिच्या खिडकीतून तो लिंब दिसायचा. "बरं," ती म्हणाली, आणि गावी निघताना दर वेळी म्हणायची तसं, भाकरी टाकून जेवून जा, असं मला म्हणाली नाही.